रोज चालूनही फरक पडत नाही? या चुका टाळा

दोन महिने नियमित चालूनही साखर, रक्तदाब आणि जिना चढताना लागणारा दम जैसे थे असेल, तर आधी वेग तपासा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते. रमतगमत चालणं यात धरू नका. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते. अशा वेळी घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी बरी.

दुसरी चूक खाड्यांची. व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात, पण हा परिणाम साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो. त्यामुळे रविवारी दोन तास घाम गाळून उरलेला आठवडा बसून काढला, तर साखर काबूत राहत नाही. मधुमेह असेल तर सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

नुसतं चालणंही पुरत नाही. स्नायूंच्या ताकदीसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस वेगळे हवेत, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण गाळतात. जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. बारा सहज जमू लागले की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्या. उठताना श्वास सोडा. रोखून धरला तर रक्तदाब एकदम उसळतो.

उत्साहात अंतर दुप्पट केलं की नडगी आणि टाच कुरकुरतात. दमसास काही आठवड्यांत सुधारतो, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडं मात्र सावकाश तयार होतात. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील आणि ते तीन-चार दिवसांत उतरत असेल, तर काळजी नको. एका जागी बोट ठेवून दाखवता येणारं, पाय टेकताच वाढणारं दुखणं असेल तर थांबा आणि तपासून घ्या.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. अर्ध्या तासाच्या झपझप चालण्यात खर्च होणाऱ्या कॅलरी एका गोड खाण्यात परत येतात. कंबरेचा घेर आणि सकाळी उठल्या उठल्याची नाडी महिन्यातून एकदा टिपून ठेवा.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं संथ ठेवा. जोरात पळून एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खावं. छातीत दडपण येऊन कळ हातात वा जबड्यात जात असेल, तर ‘एवढी फेरी पुरी करू’ म्हणू नका. तिथेच थांबा आणि रुग्णवाहिका बोलवा.