जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, आणि या चुकाही टाळा

‘दादा, पाच मिनिटांचं काम आहे.’ घरी गाडी दुरुस्त करताना झालेल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात मी या वाक्याने होताना पाहिली आहे. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड घालणं ही कामं मी गेली वीस वर्षं दारातच करतो, त्यामुळे घरी करूच नका असं मी म्हणणार नाही. पण त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाणं. डिक्कीत मिळणारा कात्रीसारखा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. तो गाडी उचलतो, धरून ठेवायची जबाबदारी त्याची नाही.

काही वर्षांपूर्वी गणपतीला माझा आतेभाऊ मुंबईहून गावी आला. महामार्गावरच्या खड्ड्यांनी इंजिनखालचा पत्रा सैल होऊन खडखडत होता. दोन बोल्ट आवळायचे, एवढंच काम. गाडी घरासमोरच्या उताराच्या खळ्यात उभी, भाद्रपदातली माती भिजून लोण्यासारखी झालेली. जॅक रुततोय म्हणून पठ्ठ्याने त्याखाली जांभ्याचा अर्धा चिरा सरकवला. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण असतो भोकाभोकांचा. सगळा भार एका कोपऱ्यावर आला की ढेपाळतो. चाकांना काही लावलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘गिअरमध्ये टाकलीय ना!’

ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणजे गिअर धरतो तोही पुढचीच चाकं. त्यातलं एक चाक जरी अधांतरी झालं, तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) ते हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक खुशाल गडगडतं. गिअर असून नसल्यासारखा. मग गाडी थोपवायला उरतो हँडब्रेक, जो मागच्या चाकांवर असतो. याचा हँडब्रेक अर्धाच ओढलेला.

मी स्टेपनी काढून आडवी करून दाराखालच्या पट्टीखाली ढकलली, तेव्हा ‘तू पण ना’ म्हणून हसला. खाली गेला. घरात आरती सुरू होती. आधी चिऱ्याचा कोपरा फुटल्याचा बारीक आवाज आला, मग गाडी वीतभर मागे सरकली, जॅक आडवा झाला आणि साडेआठशे-नऊशे किलोंचं धूड धाडकन टायरवर बसलं. भाऊ बाहेर आला तो सदऱ्याची दोन बटणं खाली ठेवून. टायर नसता तर काय झालं असतं, हे त्याला मी आजवर विचारलेलं नाही. वाकलेला जॅक मात्र माझ्या पडवीत खिळ्याला टांगलेला आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. जागा सपाट आणि टणक. पुढची बाजू उचलायची तर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक पूर्ण. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात तिथेच. गाडी उचलली की जॅक स्टँडवर, म्हणजे भार धरून ठेवणाऱ्या लोखंडी घोड्यांवर, उतरवायची आणि बाहेर उभं राहूनच दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. शिवाय काढलेलं चाक गाडीखाली. विटा, चिरे, सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांना माझ्या दारात मनाई आहे. स्टँडची जोडी एका सर्व्हिसिंगच्या बिलाहून स्वस्त पडते, तरी मोबाइल ठेवायला महागडा स्टँड घेणारी माणसं इथे काटकसर करतात.

दुसरी चूक गरम रेडिएटरचं झाकण उघडण्याची. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने जास्त असतो, त्यामुळे कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वर फडकं धरलं तर हाताबरोबर फडकंही भाजतं. मी अर्धा-पाऊण तास गाडीकडे बघतही नाही, चहा पितो. मग रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, दाबून बघतो. टणक लागला तर अजून एक चहा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणाऱ्यांनी हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा गेल्याचं बिल स्वतःच भरावं.

बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पानाच वेल्डिंग करू लागतो. अंगठी, कडं काढून ठेवा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. उचललेल्या गाडीवर पान्यावर उड्या मारणारे मी पाहिलेत.

शटर ओढून आत इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चावी काढली तरी काही गाड्यांचा रेडिएटर फॅन आपोआप सुरू होतो. बोटं लांब.

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा. नाहीतर पहिला ब्रेक समोरच्या भिंतीवर लागेल.

स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल शेकडो व्होल्टच्या. दोन्हींना मी हात लावत नाही, व्हिडिओत कोणी कितीही सोपं करून दाखवो.

आणि एकट्याने गाडीखाली जाऊ नका. मी खाली असलो की बायको दर दहा मिनिटांनी ओट्यावरून हाक मारते. ‘हो’ म्हणायला उशीर झाला तर आधी धावत येते, मग ओरडते.