मुंबईला जाताय? टॅक्सीचा रंग ओळखताना या चुका टाळा

नागपुरात रिक्षात बसायच्या आधी भाव ठरतो. मीटर असतं, पण शोभेला. बर्डीवरून मानेवाड्याला जायचं म्हटलं की "किती घ्याल भाऊ?" इथून सुरुवात, मग दोन पावलं पुढे गेल्यासारखं करायचं, की मागून हाक येतेच. ही सवय इथे कामाची आहे. पण तीच घेऊन माणूस विदर्भ एक्स्प्रेसने दादरला उतरतो, आणि तिथे तिच्यापायी खिसा हलका होतो. मुंबईत टॅक्सीचं भाडं सरकार ठरवणार, की चालक आणि तुम्ही मिळून, हे बऱ्याचदा गाडीच्या रंगावरूनच कळतं. तो रंग वाचता आला की अर्धी घासाघीस वाचते.

काळ्या-पिवळीला भाव विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खाली काळी, वर पिवळं छत, ही मुंबईची मीटर टॅक्सी. तिचे दर मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, त्यापुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. दादरहून परळच्या टाटा हॉस्पिटलला फाइल घेऊन निघालेले आपल्याकडचे कितीतरी लोक असतात. रस्ता फिरून तीन किलोमीटर धरला तरी मीटरने ६२ रुपयांच्या आसपास होतात. पण खिडकीत वाकून "भैय्या, परेल का कितना लोगे?" असं विचारलं, की समोरच्याला दोन गोष्टी कळतात. तुम्ही बाहेरचे आहात आणि तुम्हाला मीटरचा दर ठाऊक नाही. मग आकडा दोनशेपासून सुरू होतो, आपण घासाघीस करून दीडशेवर आणतो आणि वर खूशही होतो.

करायचं ते सोपं. ठिकाण सांगा, मान हलली की बसा, "मीटर टाका" म्हणा. मीटरवर ३१ दिसले पाहिजेत आणि मोकळ्या रस्त्यावर दीड किलोमीटरपर्यंत ते तसेच राहिले पाहिजेत. सिग्नलला खोळंबा झाला तर त्याचे पैसे धरले जातात, त्यामुळे गर्दीच्या वेळी आकडा थोडा आधी सरकला म्हणून लगेच भांडू नका. मोबाइलवर नकाशा सुरू ठेवला की अंतर ताडून पाहता येतं. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जास्त लागतात, ती लूट नव्हे. दरवाढ नवी असेल तर काही मीटर जुनाच आकडा दाखवतात. अशा वेळी चालकाने मंजूर दरपत्रक दाखवायचं असतं, ते मागा. तोंडी हिशेब ऐकून पैसे देऊ नका.

जवळचं भाडं म्हणून नकार मिळाला तर? कायद्याने तो गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ बघा. पण सकाळी सात वाजता पेशंट सोबत असताना कलम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. नंबर प्लेटचा फोटो काढा, पुढची टॅक्सी धरा. ठिकाण आणि वेळ लिहून ठेवलेली तक्रार आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडे नंतर करता येते.

"काळी-पिवळी"ला सीटचा भाव विचारणं

उमरेड, काटोलकडचा माणूस "काळी-पिवळी" म्हटलं की जीपच डोळ्यासमोर आणतो. भरल्याशिवाय सुटत नाही, दर सवारीमागे पैसे. मुंबईची काळी-पिवळी पूर्ण तुमची असते. आत एक माणूस बसला काय किंवा चार, मीटर तेच. सीटप्रमाणे पैसे घेणाऱ्या शेअर टॅक्सीही तिथे आहेत, उदाहरणार्थ चर्चगेटहून नरिमन पॉइंटला. पण त्या ठरलेल्या स्टँडवरूनच सुटतात आणि तिथे रांग असते. रांग दिसली नाही तर शेअर समजू नका.

जाता जाता सामानाचं. मोठी बॅग घेऊन डिकी उघडायला सांगाल तर आत सीएनजीची टाकी दिसेल. बॅगा वरच्या कॅरियरवर जातात आणि मोठ्या नगांचे वेगळे पैसे लागतात. संत्रा बर्फीचे डबे मांडीवर घ्या, वर नको.

दादरला रिक्षा शोधत बसणं

मिळणारच नाही. मुंबईत काळ्या-पिवळ्या रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला, म्हणजे माहीम, दादर, परळ, सीएसएमटी, मंत्रालय या सगळ्या भागात रिक्षाला परवानगी नाही. कुर्ला टर्मिनसला उतरलात तर चेंबूर-घाटकोपरला रिक्षा आहे, दादरला टॅक्सीच करावी लागेल.

जुनी गोल फिएट टॅक्सीही शोधू नका. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपर्यंतच. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून बंद झाली. आता त्याच रंगात वॅगन आर, ईको वगैरे असतात. गाडी वेगळी दिसली तरी रंग तोच म्हणजे मीटर तेच.

निळी-चंदेरी गाडी "तशीच टॅक्सी" समजणं

निळी आणि चंदेरी टॅक्सी ही कूल कॅब, म्हणजे एसी टॅक्सी. मीटर तिलाही आहे, दर तिचाही सरकारी, पण वेगळा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरलाच ४८ रुपये. एप्रिलच्या दुपारी हे पैसे मी खुशाल देईन. तक्रार असते ती उतरल्यावर "मीटर पळवलं" म्हणून ओरडणाऱ्यांची. मीटर पळालेलं नसतं, बसतानाच गाडी महागडी निवडलेली असते. विमानतळावर दोन्हींची प्रीपेड पावती मिळते, तेव्हा कोणत्या गाडीची हवी ते काउंटरवर आधी सांगा.

पिवळी प्लेट दिसली की मीटर असणारच, असं धरून चालणं

गाडी पांढरी, प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. ही भाड्याची परवानाधारक गाडी आहे एवढंच त्यावरून कळतं. मीटर बहुधा नसतं. टूरिस्ट टॅक्सी आणि ॲपवरच्या बहुतेक कॅब याच जातीच्या. इथे मात्र नागपुरी पद्धत चालते. बसण्याआधी रक्कम ठरवा, टोल आणि पार्किंग धरून का, तेही विचारा. सीएसएमटीच्या फलाटावर "टॅक्सी, टॅक्सी" करत बॅगेला हात घालणारा माणूस तुम्हाला अनेकदा अशाच गाडीकडे नेतो. बॅग सोडवून घ्या, बाहेर या आणि रंग बघून टॅक्सी धरा.

ॲपची कॅब असेल तर गाडीचा रंग विसरा. नंबरचे शेवटचे चार आकडे जुळवा. "ती गाडी बिघडली, दुसरी आणली" असं कोणी म्हणालं तर बसू नका, बुकिंग रद्द करा. बदललेल्या गाडीत तुम्ही कुठे आहात हे ना ॲपला कळतं ना घरी पाठवलेल्या ट्रॅकिंगच्या लिंकला.

घरच्या मैदानात पांढऱ्या प्लेटला भुलणं

ही चूक नागपुरातच होते, आणि मला तीच जास्त गंभीर वाटते. पेंच, ताडोबा किंवा पचमढीला जायचं असतं, ओळखीतला कोणी म्हणतो, "माझी घरची गाडी आहे, डिझेल आणि दोन हजार द्या." एमएच ३१, एमएच ४९, नंबर आपलाच, माणूस आपलाच. पण पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. तिला भाडं घ्यायचा परवाना नसतो. परवान्याशिवाय भाडं मारताना पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जातो. दंड गाडीवाला भरेल म्हणा, पण तुमची सहल रस्त्यातच संपेल. त्याहून वाईट म्हणजे अपघात. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते, त्यामुळे विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेत असाल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पिवळ्या प्लेटची गाडी चालकासह ठरवून मध्य प्रदेशात नेत असाल तर ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा. नसेल तर तिथला कर वेगळा भरावा लागतो आणि तो कोणी भरायचा यावर चालकाशी वाद होतो.

हिरवी पाटी म्हणजे सरकारी, असं समजणं

हिरवी पाटी विजेवरच्या गाडीची, सरकारशी तिचा संबंध नाही. नागपुरात मे २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला, हिरव्या पाट्या त्यानंतर वर्षभराने, २०१८ मध्ये आल्या. इथे पाटीपेक्षा अक्षरं बघायची. हिरव्यावर पांढरी अक्षरं असतील तर खासगी गाडी, पिवळी असतील तर भाड्याची. रात्री स्टेशनबाहेरच्या दिव्यांत पांढरं आणि पिवळं एकसारखंच दिसतं, तेव्हा मोबाइलची बॅटरी पाटीवर मारून बघा. खरा चालक यात राग मानत नाही. मानला तर शेजारची गाडी बघा.