प्राचीन चुनखडीतला कार्बन वाचताना या चुका टाळा

चुनखडीतल्या जड (कार्बन-१३) आणि हलक्या (कार्बन-१२) कार्बनच्या प्रमाणावरून प्राचीन समुद्राचं कार्बनचक्र वाचतात. हे प्रमाण मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, सहसा चुकत नाही. घोळ होतो तो त्याआधी, खडकाचा कोणता भाग दळला इथे. नाहीतर नंतर, आलेख पाहून घाईने निष्कर्ष काढताना.

अख्खा तुकडा दळू नका. ताज्या कापलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक कणांच्या भागातून सूक्ष्म ड्रिलने भुकटी काढा. पांढऱ्या कॅल्साईटच्या (चुनखडीच्या मुख्य खनिजाच्या) शिरा सोडून द्या. त्या बहुधा खूप नंतर भेगांत शिरलेल्या पाण्याने भरलेल्या असतात.

सगळ्यात जास्त गफलत ऑक्सिजनवरून होते. ऑक्सिजन-१८चं (जड ऑक्सिजनचं) मूल्य उणे १० प्रति हजारच्या खाली, म्हणजे ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा हजारी दहाहून जास्त कमी, दिसलं की अनेक जण नमुनाच बाद करतात. पण खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि विरघळलेला कार्बन थोडा, त्यामुळे ऑक्सिजनची नोंद आधी पुसली जाते आणि कार्बनची बरीच टिकते. बिघडलेला ऑक्सिजन हा इशारा समजा, निकाल नव्हे. कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही हातात हात घालून उतरत असतील, तर मात्र मातीतला हलका कार्बन घेऊन आलेल्या पावसाच्या पाण्याचा संशय घ्यायलाच हवा. खडक नंतर किती बदलला याचा अंदाज देणारं मँगनीज-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर १०च्या आत आलं म्हणजे नमुना पास, हा आणखी एक आळशी नियम. पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा कंटाळा करू नका. ओमानमधल्या शुराम घसरणीत (तिथल्या प्राचीन चुनखडीत दिसणाऱ्या कार्बनच्या मोठ्या उतारात) कार्बन-१३ उणे १२ प्रति हजारपर्यंत जातो, ऑक्सिजनही त्याच्याबरोबर हलतो. ही सागराची नोंद की नंतरचा बदल, यावर जाणकारांतही एकमत नाही.

खडक अगदी शाबूत असला तरी आकडा साऱ्या महासागराचाच असेल असं नाही. बहामाच्या उथळ समुद्रतळाच्या मंचावरचा अरॅगोनाईटचा (कॅल्साईटच्याच घटकांच्या, पण वेगळ्या रचनेच्या खनिजाचा) चिखल कार्बन-१३ने खुल्या समुद्रातल्या गाळापेक्षा जड असतो. समुद्रपातळी चढली की तो उतारावर जास्त वाहून येतो आणि आलेख वर सरकतो. जागतिक कार्बनचक्र मात्र जागच्या जागी! मूळ खनिजही तपासा, कारण एकाच पाण्यातून बनलेलं अरॅगोनाईट कॅल्साईटपेक्षा सुमारे १.७ प्रति हजारने जड भरतं.

शेवटी, नुसत्या चढउतारांच्या आकारावरून दोन ठिकाणचे थर जुळवू नका. मध्ये गाळ साचलाच नसेल, तर अर्धा चढ गायब असतो आणि उरलेला भाग भलत्याच चढाशी बेमालूम जुळतो. चीनमधल्या मेईशानला पर्मियन आणि ट्रायासिक या भूवैज्ञानिक कालखंडांच्या सीमेवरच्या कार्बनच्या घसरणीचं वय, सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षं, ठरलं ते ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतल्या झिरकॉनमुळे, म्हणजे ज्यातल्या युरेनियमवरून वय काढता येतं अशा खनिजामुळे. राखेचा थर नसेल तर निदान जीवाश्मांची साक्ष काढा.