जुना सीआरओ बिघडलाय? कव्हर उघडण्याआधी या चुका टाळा

सीआरओ, म्हणजे विद्युत सिग्नलचा आलेख पडद्यावर काढणारा कॅथोड रे ऑसिलोस्कोप (थोडक्यात स्कोप), बंद पडला की बहुतेकांचा पहिला हात कव्हरच्या स्क्रूंकडे जातो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. इतर उपकरणं बिघडली तर काय बिघडलं ते शोधायला दुसरं उपकरण लागतं. सीआरओ मात्र आपलं दुखणं बऱ्याचदा आपल्याच पडद्यावर दाखवतो. ते न वाचता आत हात घातला की पन्नास रुपयांच्या कपॅसिटरचा बिघाड अटेन्युएटर (इनपुट सिग्नल लहान करणारा भाग) तुटण्यापर्यंत जातो. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत पडून असलेले कितीतरी अ‍ॅनालॉग स्कोप असेच बाद झालेले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

ट्रेस नाही म्हणजे बिघाडच, असं समजणं

ट्रिगर (रेघ कधी सुरू व्हावी ते ठरवणारा भाग) 'नॉर्मल'वर असेल आणि सिग्नल जोडलेला नसेल, तर ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, येणारच नाही. आधी ट्रिगर 'ऑटो'वर घ्या, पोझिशनचे नॉब मध्यावर आणा, इनपुट कपलिंग ग्राउंडवर ठेवा, एक्स-वाय बटण दाबलेलं नाही ना ते बघा आणि मग इंटेन्सिटी हळूहळू वाढवा. मापं चुकीची येत असतील तर व्हेरिएबल नॉब 'कॅल'च्या खाचेत बसलेत का ते तपासा. काही मॉडेलांत तो नॉब बाहेर ओढला की मॅग्निफायर लागतो आणि वेळेचं माप थेट ५ किंवा १० पटींनी चुकतं. विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेलेल्या स्कोपमध्ये हे हमखास सापडतं.

एवढं करूनही पडदा काळाच असेल, तर बीम फाइंडरचं बटण दाबा. त्याने डिफ्लेक्शन आक्रसतं आणि पडद्याबाहेर गेलेला ठिपका आत येतो. तो वरच्या किंवा खालच्या बाजूला दिसला तर दोष व्हर्टिकल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असण्याची शक्यता जास्त. काहीच दिसलं नाही तर इंटेन्सिटी कमी करून एक्स-वाय मोड लावून पाहा. तिथे ठिपका उमटला तर पडद्याची ट्यूब आणि तिचा हाय व्होल्टेज शाबूत आहे, स्वीपमध्ये (ठिपका डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या भागात) गोंधळ आहे. मात्र तो ठिपका प्रखर ठेवून चहा प्यायला जाऊ नका. एका जागी थांबलेला बीम पडद्यावरचा चमकणारा थर (फॉस्फर) जाळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

दोन चॅनेल असणं तर मोठीच सोय आहे. फक्त एकच चॅनेल वर गेला असेल तर दोष चॅनेल स्विचिंगच्या आधी, दोन्ही गेले असतील तर नंतर. कव्हरला हात न लावता निम्मं सर्किट संशयातून सुटलं.

पॉवर सप्लाय न मोजताच पुढे जाणं

सगळ्यात जास्त वेळ या चुकीत वाया जातो. ट्रिगर नीट लागत नाही म्हणून ट्रिगरचे ट्रान्झिस्टर बदलत बसतात आणि शेवटी कळतं की एक सप्लाय खाली आलेला होता. सर्व्हिस मॅन्युअल शोधा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या स्कोपच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, टेस्ट पॉइंटवरचे व्होल्टेज आणि वेव्हफॉर्मसुद्धा छापलेले असत. १९७२ मध्ये आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५ च्या मॅन्युअलवरून आजही कोणी धीराने काम करू शकतो. सगळे सप्लाय मोजा, मल्टिमीटर एसी रेंजवर घेऊन रिपलही (डीसीवर उरलेली एसीची लहर) बघा. बऱ्याच स्कोपमध्ये एका सप्लायचा संदर्भ घेऊन बाकीचे चालतात, म्हणून तो आधी बरोबर हवा.

ट्रेस सरळ न राहता लाटेसारखी डोलत असेल, तर पडदाच निदान करतो. इनपुट ग्राउंडवर, ट्रिगर सोर्स 'लाइन'वर आणि टाइमबेस दर चौकोनाला ५ मिलिसेकंदांवर ठेवा. लाट जागच्या जागी थांबली तर ती मेन्समधूनच येतेय. आता चौकोन मोजा. लाट दर दोन चौकोनांनी परत येत असेल तर ती १०० हर्ट्‌झची: साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये बहुधा रेक्टिफायरनंतरचा मोठा कपॅसिटर सुकलाय. दर चार चौकोनांनी येत असेल तर ५० हर्ट्‌झची. अशा वेळी आधी स्कोप टेबलावर थोडा फिरवून पाहा. फिरवल्यावर लाट बदलली तर शेजारच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटारीचं चुंबकीय क्षेत्र ट्यूबपर्यंत पोचतंय, स्कोप निर्दोष आहे. नाही बदलली तर रेक्टिफायरचे डायोड तपासा.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. सिरीज बोर्डवर १०० वॉटचा बल्ब लावून स्कोप सुरू करा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) असलेल्या स्कोपमध्ये मात्र बल्बमुळे सप्लाय सुरूच न होण्याचाही संभव असतो, त्यामुळे तिथे या चाचणीवर पूर्ण विसंबू नका.

अर्थिंगची पिन काढणं

एसएमपीएस दुरुस्त करताना प्रोबची (सिग्नल स्कोपपर्यंत आणणाऱ्या तारेची) ग्राउंड क्लिप प्राथमिक, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला लावली की शॉर्ट होतो, कारण ती क्लिप आतून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. त्यावर 'उपाय' म्हणून प्लगची अर्थ पिन कापलेले स्कोप मी खूप पाहिलेत. हे कृपा करून करू नका. पिन काढली की स्कोपची संपूर्ण धातूची बॉडी त्या क्लिपच्या व्होल्टेजवर जाते. २३० व्होल्ट रेक्टिफाय केल्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास भरतात, आणि तुमचा हात नॉबवर असतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा, आणि तो दुरुस्त करायच्या वस्तूला लावा, स्कोपला नाही. जुना स्कोप घरी आणला की सर्वात आधी अर्थ पिन ते बॉडी कंटिन्युइटी बघा.

हीटर चासीच्या संदर्भात मोजणं

साध्या २० मेगाहर्ट्‌झच्या स्कोपमध्येही ट्यूबच्या कॅथोडवर उणे दीड-दोन हजार व्होल्ट असतात, आणि हीटरचं (कॅथोड तापवणाऱ्या तारेचं) वाइंडिंग त्याच पातळीवर तरंगत असतं. '६.३ व्होल्ट मिळतात का बघू' म्हणून मीटरची एक पिन हीटरवर आणि दुसरी चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) लावली, तर ६०० किंवा १००० व्होल्टचा मीटर जाईल आणि कदाचित तुम्हीही. हीटर डोळ्यांनी बघा. ट्यूबच्या मानेत तांबूस उजेड दिसतो. नाही दिसला तर स्कोप बंद करून, डिस्चार्ज करून मगच कंटिन्युइटी तपासा.

डिस्चार्ज स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून करू नका. पाव वॉटचा एकच रेझिस्टरही पुरत नाही, कारण तो साधारण अडीचशे व्होल्टच सहन करतो. १०० किलोओहमचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून, स्लीव्हमध्ये घालून, लांब प्लास्टिकच्या दांडीला बांधून ठेवा. ही दांडी दोन हजार व्होल्टपर्यंतच्या कॅथोड सप्लायसाठी झाली. मोठ्या स्कोपच्या अ‍ॅनोडला दहा हजारांच्या पुढे व्होल्टेज असतं, तिथे खास हाय व्होल्टेजचीच प्रोब हवी.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत याच भागात धूळ ओल धरते. सुरू करताच 'सर्रर्र' आवाज आणि ओझोनचा वास आला तर लगेच बंद करा. ब्रशने धूळ काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

सरसकट कपॅसिटर बदलणं, प्रीसेट फिरवणं

पॉलॅरिटीची एक गफलत वारंवार होते. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी ऋण टोकाची असते, टँटॅलमवर ती धन टोकाची. टँटॅलम उलटा बसला तर शॉर्ट होतो, कधी पेटही घेतो. सगळेच कपॅसिटर एका दमात बदलले की जुन्या बिघाडात नवा मिसळतो आणि माग लागत नाही. एकेक बदला, बदलल्यावर स्कोप चालवून बघा.

प्रीसेटना (आतल्या जुळवणीच्या छोट्या स्क्रूंना) तर दुरुस्ती होईपर्यंत हात लावू नका. काल ठीक असलेलं सेटिंग आज आपोआप फिरत नाही. फिरवावंच लागलं तर आधी फोटो काढा. कॅलिब्रेशन शेवटी करायचं, स्कोप अर्धा तास तापल्यावर.

अटेन्युएटरच्या सोनेरी कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर घासला की मुलामा गेलाच. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून हलकेच ओढा.

प्रोबची तार 'साधी' समजणं

प्रोबचं बटण १एक्सवर (सिग्नल आहे तसा) असताना टोकापासून बीएनसीच्या (स्कोपला लागणाऱ्या कनेक्टरच्या) मधल्या पिनेपर्यंत दोन-तीनशे ओहम दिसले की लोक तार खराब म्हणून प्रोब फेकतात. ती तार मुद्दामच रेझिस्टन्सची असते. १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान) ९ मेगाओहम दिसायला हवेत. तुटलेल्या प्रोबला साधी को-अ‍ॅक्सिअल केबल जोडली तर सिग्नलच्या कडा थरथरताना दिसतात आणि मग दोष स्कोपवर येतो. संशय आला तर प्रोब स्कोपच्याच १ किलोहर्ट्‌झच्या कॅलिब्रेशन टोकाला लावा आणि प्रोबवरचा ट्रिमर फिरवून चौकोनी लाटेचा माथा सपाट होतो का पाहा. होत नसेल तर तीच प्रोब दुसऱ्या चॅनेलवर लावा. तिथेही होत नसेल तर प्रोब बदला, स्कोप उघडू नका.