जेलमधून सुटल्यावर औषधपाण्याचं काय? सुटायच्या आधीच हे करून ठेवा

घरचं कोणी आत असेल आणि त्याला बीपी, शुगर, टीबी, फिट्स असलं काही चालू असेल तर सुटायची वाट बघू नका, मुलाकातीतच सांगून ठेवा की जेलच्या दवाखान्यातून आजाराचे कागद आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या मागून घे. पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्याची तारीख तरी माहीत असते, कच्च्याचं (खटला चालू असलेल्याचं) तसं नाही, जामिनाची ऑर्डर पोचली की संध्याकाळी अचानक नाव पुकारतात आणि मग गेटवर पाकीट, बेल्ट, पिशवी मिळते पण दवाखान्याची फाईल बऱ्याचदा आतच राहते. नंतर काढायची तर अधीक्षकांच्या नावाने अर्ज द्या, पोच घ्या, कोणी दाद देत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (कायद्याची मोफत मदत देणारं सरकारी ऑफिस) गाठा, 15100 वर फोन करा. फुकट आहे.

टीबी असेल तर निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) तेवढा लिहून आणायला सांगा, तो दाखवला की घराजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच कोर्स पुढे चालू होतो, शिवाय पोषणाचे महिना 1000 रुपये खात्यात येतात (आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले). एचआयव्हीच्या गोळ्या चालू असतील तर एआरटी सेंटर (जिथून त्या गोळ्या मिळतात ते केंद्र) बदलून मिळतं, गोळ्या सगळीकडे मोफतच, अडलं तर एड्स हेल्पलाईन 1097. घरी आल्याच्या गडबडीत आठ-दहा दिवस गोळ्या सुटतात ना, तिथेच सगळं बिघडतं.

आणि हे कोणी बोलत नाही पण बोलायला हवं, गर्दचं (ब्राऊन शुगरचं) व्यसन असलेला माणूस आत राहून आला की शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर येऊन पहिल्यासारखाच डोस घेतला तर जीवावर बेततं. घरच्यांनी पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं तर 14416 वर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात.

आता खर्चाचं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, सिव्हिलमध्ये तपासणी-उपचार मोफत आहेत, पण मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची हॉस्पिटलं यात धरू नका, ती खाती वेगळी. ऑपरेशनसारखं मोठं काही निघालं तर महात्मा फुले योजना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, पांढऱ्या रेशन कार्डवालेही आता त्यात आहेत. साधी ओपीडी त्यात बसत नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल असतं, आधी तिथे जा, पैसे भरायच्या आधी, कारण एकदा भरलेले पैसे परत काढणं म्हणजे डोकेदुखी. इमर्जन्सी असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. हेल्पलाईन 155388.

घोडं अडतं ते आधार आणि रेशन कार्डावर. आत असताना सिम बंद पडलेलं असतं, ओटीपी येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच आधार सेंटरवर जाऊन नंबर बदलून घ्या, त्याला जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, अंगठा चालतो. रेशन कार्डावरून नाव कमी झालंय का तेही बघा, झालं असेल तर तहसीलमध्ये नाव चढवायचा अर्ज लगेच टाका, आजारी पडल्यावर नाही.