लिस्बनमधील मुक्काम: आधी चढ पाहावा

लिस्बनमध्ये राहण्याची जागा शोधताना बहुतेक जण नकाशावर शहराच्या मध्यभागातील रोसिउ चौकापासूनचे अंतर मोजतात आणि तिथेच फसगत होते. हे शहर टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे नकाशावर पाचशे मीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात पायऱ्यांची निघू शकते. रस्त्यांवर चुनखडीच्या लहान, गुळगुळीत दगडांची फरसबंदी आहे; पावसात ती निसरडी होते आणि चाकांची बॅग तिच्यावरून ओढणे जिकिरीचे ठरते. म्हणून जागेचा पत्ता मिळाला की मेट्रो स्थानकापासून दारापर्यंतची वाट नकाशाच्या रस्तादर्शनात (स्ट्रीट व्ह्यू) एकदा पाहून घ्यावी. बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर ही तपासणी भाड्याच्या आकड्याआधी करावी.

पहिल्या भेटीसाठी बायशा हा भाग सोयीचा आहे. १७५५ च्या भूकंपानंतर तो सरळ, काटकोनी रस्त्यांचा नव्याने बांधला गेला आणि दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत असल्याने तिथे चालणे सोपे जाते. राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जवळच्या सिंत्रा गावाची गाडी रोसिउ स्थानकातून सुटते आणि काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी गाडी काइश दु सोद्रेहून. दोन्ही स्थानके इथून पायी गाठता येतात. मात्र या भागातील इमारती जुन्या, चार-पाच मजली असून अनेक ठिकाणी लिफ्ट नसते. घर कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न आरक्षणापूर्वी लेखी विचारावेत. शेजारचा शियादो देखणा आणि काहीसा महाग आहे. बायशा-शियादो मेट्रो स्थानकाचे सरकते जिने खालच्या बायशापासून वरच्या शियादोपर्यंत नेतात, त्यामुळे तिथला चढ फारसा जाणवत नाही.

आल्फामाची गोष्ट वेगळी आहे. भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेल्या या जुन्या वस्तीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की पुष्कळ घरांच्या दारापर्यंत टॅक्सी पोहोचतच नाही. छायाचित्रांत दिसणारी नदीकडची गच्ची खरीच सुंदर असते, पण तिथे रोज चढून जावे लागते. प्रसिद्ध २८ क्रमांकाच्या ट्रामच्या भरवशावर राहू नये. ती पर्यटकांनी खचाखच भरलेली असते आणि त्या गर्दीत खिसेकापूही असतात. १२ जूनच्या रात्री संत अँथनीच्या उत्सवात ही वस्ती पहाटेपर्यंत जागी असते. उत्सवासाठीच जाणाऱ्यांनी इथे अवश्य उतरावे, इतरांनी त्या तारखा टाळाव्यात. गुडघे धड असलेल्या आणि एकच पाठपिशवी घेऊन निघालेल्या प्रवाशाला मात्र मी आल्फामाच सुचवेन.

झोप सावध असणाऱ्यांनी बायरू आल्तू आणि काइश दु सोद्रेजवळचे मद्यालयांचे रस्ते टाळावेत. तिथे लोक पेले हातात घेऊन रस्त्यावरच उभे राहतात आणि त्यांचा गलका थेट खिडकीतून आत येतो.

कुटुंबासाठी माझी पसंती सालदान्या परिसराला आहे, जरी प्रवासवर्णनांत त्याचे नाव क्वचितच येते. हा कचेऱ्यांचा, बराचसा सपाट भाग असून विमानतळावरून लाल मार्गाची मेट्रो गाडी न बदलता इथे येते. रोसिउला जायला एकदा गाडी बदलावी लागते, पण खोल्या मोठ्या आणि लिफ्ट जवळपास हमखास मिळते. विमानतळाजवळचा ओरिएंत भागही सपाट आहे. पहाटेचे विमान असेल तर एका रात्रीसाठी ठीक, एरवी जुने शहर फार दूर पडते. शाकाहारी मंडळींना मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय उपखंडातील लोकांची दुकाने आणि खानावळी सापडतील. सदनिकेत स्वयंपाकघर असेल, तर डाळ-तांदूळ तिथेच घेता येतात.

जुन्या घरांत हिवाळ्यात ओलसर गारवा असतो, कारण मध्यवर्ती उष्णता यंत्रणा सहसा नसते, आणि उन्हाळ्यात वातानुकूलन असेलच असे नाही. ऋतूप्रमाणे सोयींच्या यादीत हीटर किंवा एसी आहे का, ते पाहावे. सदनिका घेत असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक आहे याची खात्री करावी. पोर्तुगालमध्ये पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांना तो बंधनकारक आहे.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत संपूर्ण मुक्कामाच्या निवासाचा पुरावा जोडावा लागतो. त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करावे, थोडे महाग पडले तरी चालेल. भाड्यांची तुलना करताना शहराचा पर्यटक करही धरावा: सप्टेंबर २०२४ पासून तो दर माणशी दर रात्री ४ युरो असून सलग मुक्कामात जास्तीत जास्त ७ रात्रींसाठी लागतो आणि १३ वर्षांखालील मुलांना माफ असतो. पुष्कळदा तो आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो आणि खोलीचा ताबा घेताना वेगळा भरावा लागतो.