वेगवान गाडीसाठी नवे टायर निवडताना

किंमत विचारण्याआधी टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचावा. तिथे ‘२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू’ असे असेल, तर ९४ म्हणजे एका टायरने ६७० किलो भार पेलण्याची क्षमता आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरची वेगमर्यादा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा यांतले काहीही कमी घेऊ नये, मग आपल्या रस्त्यांवर तो वेग कधी गाठला जावो अथवा न जावो. गाडी पोर्शे कंपनीची असेल, तर त्या कंपनीने मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ हे अक्षर आणि पुढे एक आकडा असतो, तोही पाहावा. ‘डॉट’ (DOT) ही इंग्रजी अक्षरे असलेल्या ओळीत शेवटी ‘३२२४’ असेल, तर तो टायर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला असतो. दोन वर्षांहून जुना माल मी तरी घेणार नाही. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच नक्षीचे असावेत.